मूळ पानापर्यंत नेणारे ग्रंथालय : चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट

चीनच्या इतिहासाबद्दल वाचायला लागलेल्या माणसाला एक आकडा हमखास भेटतो. इसवी सन ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने तांग राजवटीच्या सम्राटाविरुद्ध बंड केले, ते ७६३ पर्यंत चालले आणि त्यात ३.६ कोटी माणसे मेली. व्हिडिओंत हा आकडा असतो, इतिहासातल्या सर्वांत भीषण संहारांच्या याद्यांत असतो, देखण्या छापलेल्या पुस्तकांतही असतो. तो कुठून आला, हे मात्र बहुतेक ठिकाणी सांगितलेले नसते. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. ताळेबंदात एवढी मोठी रक्कम दिसली आणि तिच्यामागे व्हाउचर नसले, तर पुढचे पान उलटायचे नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे. चिनी इतिहासाची साधनेही मी याच एका कसोटीवर पारखते: हे साधन मला मूळ नोंदीपर्यंत नेऊन सोडते का?

या कसोटीला पुरेपूर उतरलेले साधन म्हणजे चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट. हे परीक्षण मुख्यतः त्याचे आहे. ते एकट्याने पुरत नाही, म्हणून त्याच्या जोडीला काय घ्यावे लागते तेही ओघात येईल.

प्राचीन काळापासून राजवटींच्या अखेरीपर्यंतच्या चिनी ग्रंथांचे हे डिजिटल ग्रंथालय आहे. डॉनल्ड स्टर्जन या अभ्यासकांनी ते उभे केले. ग्रंथालय स्वतः सांगते त्यानुसार तिथे ३० हजारांहून अधिक ग्रंथ आणि ५ अब्जांहून अधिक अक्षरे आहेत. वाचायला पैसे लागत नाहीत. सूचना आणि मथळे इंग्रजीत ठेवता येतात, त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही आत शिरून वाट काढता येते. कन्फ्यूशियस, मेन्शियस, लाओत्से यांच्या ग्रंथांना परिच्छेदागणिक जेम्स लेग या मिशनऱ्याचे एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी भाषांतर जोडलेले आहे. भाषा जुनी आहे, काही ठिकाणी मिशनऱ्याची दृष्टी डोकावते, पण मूळ मजकूर शेजारीच असल्याने भाषांतरावर डोळे मिटून विसंबावे लागत नाही. अक्षरावर टिचकी मारली की कोश उघडतो. एखादे वाक्य दुसऱ्या कुठल्या ग्रंथात जवळपास तसेच आले असेल, तर तेही शोधून दाखवण्याची सोय आहे. प्राचीन चिनी लेखक एकमेकांचे मजकूर नाव न घेता सर्रास उचलत, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे. तीन ग्रंथांत एकच गोष्ट सापडली म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो आणि बाकीचे दोघे त्याचे ऐकून बोलत असतात.

तरीही इतिहासाच्या वाचकाला या ग्रंथालयाचे खरे वैभव दुसऱ्याच दालनात दिसते. टंकलिखित मजकूर एका बाजूला आणि जुन्या छापील किंवा हस्तलिखित पानाचे छायाचित्र दुसऱ्या बाजूला, अशी तिथे मांडणी असते. शब्द शोधा, तो मजकुरात सापडेल. तिथून थेट त्या पानावर जा. त्या पानावर तोच शब्द आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ज्ञानकोशातली नोंद वाचणे आणि हे करणे यांत फार अंतर आहे.

आता ३.६ कोटींकडे येते, कारण साधन कसे चालते हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

तांग काळातल्या घरांच्या आणि माणसांच्या मोजणीसाठी पाहायचा ग्रंथ म्हणजे तोंगद्यान. दू यौ या अधिकाऱ्याने तो ८०१ मध्ये पुरा करून सादर केला. एकूण २०० प्रकरणे, आणि सुरुवातच अन्नधान्य, जमीन, कर आणि नाणी या विषयांपासून. राज्यकारभाराच्या ग्रंथात पोट आधी आणि दरबारी विधी नंतर, असा हा क्रम मला अतिशय भावतो. दू यौने स्वतः राज्याचा खजिना, कर आणि मालवाहतूक सांभाळली होती. आकडे गोळा कसे होतात आणि कुठे गळतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

शोध घेताना एक अडचण येते, ती आधीच सांगते. बंड सुरू झाले तो काळ त्यानबाओ या शकाचा, आणि ७५५ हे त्याचे चौदावे वर्ष. सम्राट श्वानझोंगने ७४४ मध्ये वर्षासाठीचा नेहमीचा 'न्यान' हा शब्द बदलून 'झाय' असा जुना शब्द वापरण्याचा हुकूम काढला आणि तो ७५८ पर्यंत चालला. त्यामुळे 'त्यानबाओ १४ न्यान' असे शोधले तर महत्त्वाच्या नोंदी निसटतात. 'झाय' घालून शोधले की त्या हाती येतात. यंत्र आपण दिले तेवढेच शोधते. दरबाराने कुठला शब्द कधी बदलला हे वाचकालाच माहीत असावे लागते.

तर ७५५ ची नोंद अशी आहे: घरे ८९,१४,७०९ आणि माणसे ५,२९,१९,३०९. ज्याला चिनी येत नाही त्यानेही हे आकडे मूळ पानावर वाचून पाहावेत. एक ते दहा, शंभर, हजार आणि दशसहस्र, एवढी अक्षरे ओळखता आली की झाले. आपण लहानपणी घोकले ते एकं दहं शतं सहस्र दशसहस्र इथे थेट उपयोगी पडते. आपली मोजणी पुढे लक्षावर चढते, चिनी मोजणी दशसहस्रावरच थांबून त्याच्या पटीत पुढे जाते. ५ हजार २९१ दशसहस्र ९ हजार ३०९, असे ते लिहितात. व्याकरण न येताही ताळा करता येतो, हे मला फार आश्वासक वाटते.

पण दू यौ एकूण आकड्यावर थांबत नाही. कर लागू असलेली माणसे ८२,०८,३२१ आणि न लागू असलेली ४,४७,००,९८८, अशी फोड तो देतो. म्हणजे ही जनगणना नव्हती, ही कराची नोंदवही होती. शिवाय या दोन आकड्यांची बेरीज केली, तर ती दिलेल्या एकूण आकड्यापेक्षा नेमकी १० हजारांनी कमी भरते. घरांच्या अशाच फोडीतही ७२ चा फरक आहे. नेमका एका दशसहस्राचा फरक म्हणजे नकलाकाराच्या हातून एखादे अक्षर सुटले किंवा बदलले असावे, असे मला वाटते. या फरकाने इतिहास बदलत नाही. पण ज्या पानावर बेरीज जुळत नाही ते पान समोर दिसते, आणि ते झाकून कोणी गुळगुळीत आकडा पुढे केलेला नाही, याचे मला मोल आहे.

आता दुसरे टोक. सिमा ग्वांग या इतिहासकाराने १०८४ मध्ये पुरा केलेला झीझी तोंगज्यान हा २९४ प्रकरणांचा कालक्रमवार इतिहास या ग्रंथालयात आहेच. इसवी सनापूर्वी ४०३ पासून इसवी सन ९५९ पर्यंतचा काळ त्यात येतो. ७६४ या वर्षाच्या शेवटी त्यात नोंद आहे की महसूल खात्याने घरे २९ लाखांहून अधिक आणि माणसे १ कोटी ६९ लाखांहून अधिक असल्याचे कळवले. पाच कोटी एकोणतीस लाखांतून एक कोटी एकोणसत्तर लाख वजा करा. राहतात ३.६ कोटी. हेच ते व्हाउचर. म्हणजे हा मेलेल्या माणसांचा आकडा नाहीच. दोन नोंदवह्यांमधला तो फरक आहे.

मग ही माणसे गेली कुठे? याचेही उत्तर त्याच ग्रंथांतून उलगडत जाते. बंड मोडले तरी ईशान्येकडच्या हपै (हबेई) भागातले सेनापती जागेवरच राहिले आणि आपापल्या मुलखाचे मालक होऊन बसले. ते दरबाराला नोंदवह्या पाठवत नव्हते. ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने खुद्द राजधानी चांगआन काही दिवस ताब्यात घेतली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी महसूल खाते घरे मोजत होते, हे लक्षात घ्यायला हवे. ८०७ च्या नोंदीत झीझी तोंगज्यान सरळ सांगतो की १५ सुभ्यांतले ७१ जिल्हे घरांची माहिती देतच नाहीत, आणि कराचा भार ८ सुभ्यांतल्या ४९ जिल्ह्यांतल्या १४ लाख ४० हजार घरांवर आहे. ७८० मध्ये करपद्धत बदलली, तेव्हा सुमारे १८ लाख मूळ रहिवासी घरे आणि १३ लाख 'पाहुणी' घरे नोंदली गेली, असे तोंगद्यान सांगतो. पाहुणी म्हणजे गाव सोडून दुसरीकडे जाऊन राहिलेली. ही तेरा लाख घरे त्याआधी कोणत्या वहीत असती?

आणखी एक ताळा मी करून पाहिला. ७५५ मध्ये दर घरामागे ५.९ माणसे होती, ७६४ मध्ये ५.८. घरे कमी झाली, पण नोंदलेल्या घरातली माणसे जवळपास तेवढीच राहिली. संहाराने घरे पोखरली असती, तर उरलेल्या घरांतली माणसे कमी झालेली दिसायला हवी होती. इथे घरेच्या घरे वहीतून नाहीशी झाली आहेत. एवढ्याने सगळे सिद्ध होते असे मी म्हणत नाही. माणसे मेलीच, लाखांनी मेली असतील. वेढे पडले, दुष्काळ पडले, लोयांगसारखी नगरी उजाड झाली. त्या दुःखाबद्दल आदर आहे म्हणूनच त्याच्यावर खोटा आकडा चिकटवलेला मला सहन होत नाही. आणि दू यौनेही बंडाआधीच्या नोंदीवर शंका घेतली आहे. प्रत्यक्षातली घरे वहीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असली पाहिजेत, असे तो त्याच प्रकरणात लिहितो. बाराशे वर्षांपूर्वीचा अधिकारी आपल्याच सरकारच्या नोंदवहीवर असा शेरा मारतो, हे वाचताना माझे मन भरून आले होते.

हे सगळे एका ग्रंथालयात, घरबसल्या, फुकट करता आले. माझ्या लेखी याहून मोठी शिफारस नाही.

आता सावधगिरीच्या गोष्टी. त्या गंभीर आहेत आणि नवख्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाहीत.

पहिली गोष्ट मजकुराच्या दर्जाची. इथले सगळे ग्रंथ सारख्या काळजीने तपासलेले नाहीत. प्राचीन ग्रंथांचा मुख्य संग्रह नीट संपादित आहे. नंतरच्या असंख्य ग्रंथांचा मजकूर मात्र यंत्राने छायाचित्रावरून ओळखलेला आहे, आणि कुठला मजकूर तसा आहे हे तिथे लिहिलेले असते. ती सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. चिनीत तीन आणि पाच, किंवा दहा आणि हजार ही अक्षरे यंत्राला सारखी वाटू शकतात. म्हणून आकडा, नाव आणि तारीख या तीन गोष्टी छायाचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय उतरवून घ्यायच्या नाहीत. मजकुरात शब्द सापडला नाही, म्हणजे तो ग्रंथात नाहीच, असेही समजू नये. यंत्राने तो चुकीचा वाचलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे. छायाचित्र समोर आहे म्हणजे पुरावा पक्का, असेही नाही. पान कोणत्या प्रतीचे आहे ते विचारावे लागते. इथली बरीच छायाचित्रे सिकू छ्वानशू या महासंग्रहाच्या प्रतीची आहेत. छ्यानलोंग सम्राटाच्या हुकमाने अठराव्या शतकात तयार झालेला हा संग्रह. सुमारे ३,५०० ग्रंथ, हस्तलिखित, अतिशय सुवाच्य. पण छ्यानलोंगच्या घराण्याचे, म्हणजे चिंग राजवटीचे, राजे स्वतः उत्तरेकडून आलेले मांचू होते, आणि उत्तरेकडच्या 'रानटी' टोळ्यांबद्दल जुन्या लेखकांनी वापरलेली भाषा त्यांना खपत नव्हती. संपादकांनी अशा जागा बदलल्या. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुंग राजवटीतल्या सेनापती युए फेच्या नावावरच्या कवितेचे आहे. शत्रूचे मांस खाऊ, त्याचे रक्त पिऊ, अशा अर्थाच्या दोन ओळींतून टोळ्यांची नावे पार काढून टाकून तिथे निरुपद्रवी शब्द बसवले आहेत. सुंग, ल्याव, जिन किंवा युआन काळाबद्दल, म्हणजे जिथे उत्तरेकडच्या लोकांशी संबंध आला तिथे, सिकूच्या प्रतीवर एकट्याने विसंबणे धोक्याचे आहे. याच ग्रंथालयात पुष्कळ ग्रंथांची सिबू त्सोंगकान मालिकेतली प्रतही असते. झांग युआनजी यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकात शांघायच्या कमर्शियल प्रेसने जुन्या, दुर्मीळ प्रतींची छायाचित्रे घेऊन ही मालिका छापली. दोन्ही प्रती असतील तर आधी हीच उघडावी. दोन्हींची तुलना केली की चिंग दरबाराला काय बोचत होते तेही कळते, आणि तो स्वतंत्र इतिहासच आहे.

तिसरी गोष्ट छोटी. एकगठ्ठा ग्रंथ यंत्राने उतरवून घ्यायला इथे सक्त मनाई आहे. काही पुढच्या सोयींसाठी खाते काढावे लागते. एकेक पान वाचणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही.

राजवटींच्या अधिकृत चोवीस इतिहासांसाठी मी तैवानच्या अकॅडेमिया सिनिका या संशोधनसंस्थेच्या ग्रंथसंग्रहाकडे वळते. १९८४ मध्ये सुरू झालेले हे काम आहे, आणि अधिकृत इतिहास तिथे सर्वांना खुले आहेत. कारण असे की बीजिंगच्या चुंगह्वा प्रकाशनगृहाने १९५९ ते १९७८ या काळात काढलेली, विरामचिन्हे घातलेली आवृत्तीच अभ्यासक प्रमाण मानतात, आणि इथला मजकूर तिच्यावरच आधारलेला आहे. जुन्या चिनीत विरामचिन्हे नसत. वाक्य कुठे तोडायचे यावर अर्थ फिरतो, म्हणून जाणकारांनी तोडलेले वाक्य हाताशी असणे ही मोठीच मदत. संस्थेचे तारखा बदलून देणारे साधनही वापरावे. आन लुशानने बंड पुकारले ते त्यानबाओच्या चौदाव्या वर्षी, अकराव्या महिन्यात, नवव्या दिवशी. जुन्या युरोपीय (ज्युलियन) दिनदर्शिकेत ती १६ डिसेंबर ७५५ येते. चिनी वर्षाचा शेवट आपल्या पुढच्या वर्षात सांडतो, त्यामुळे नुसते वर्ष जुळवणाऱ्या पुस्तकांत अकराव्या-बाराव्या महिन्यातल्या घटना एका वर्षाने मागे पडलेल्या दिसतात.

माणसांसाठी चायना बायोग्राफिकल डेटाबेस. हार्वर्ड, अकॅडेमिया सिनिका आणि पेकिंग विद्यापीठ यांचा हा संयुक्त प्रकल्प. मुख्यतः सातव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या पाच लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यात आहे: कोणती पदे भूषवली, नातेवाईक कोण, परीक्षा कधी उत्तीर्ण झाले, कुणाशी ओळख होती. दू यौ शोधला की त्याचा नातू, कवी दू मू, नात्यांच्या यादीत मिळतो. प्रत्येक माहितीमागे ग्रंथाचे नाव दिलेले असते, म्हणून माझा त्यावर भरवसा आहे. पण शेतकरी त्यात जवळजवळ नाहीत, स्त्रिया थोड्या आहेत आणि अधिकारी भरपूर. जे वहीत आले तेच इथे आले. त्यावरून 'चिनी समाज असा होता' असे विधान कोणी करू लागले, तर थांबवावे.

गावे आणि जिल्हे यांसाठी हार्वर्ड आणि शांघायचे फुदान विद्यापीठ यांनी मिळून केलेली ऐतिहासिक भूगोलाची माहितीसंपदा आहे. इसवी सनापूर्वी २२१ ते इसवी सन १९११ असा तिचा आवाका. तांग दरबाराने ७४२ मध्ये जिल्ह्यांची नावे बदलली आणि ७५८ मध्ये पुन्हा जुनी आणली. त्यामुळे आजच्या बीजिंगच्या परिसरातला यौझोउ जिल्हा बंडाच्या वर्णनात फानयांग म्हणून येतो. नवख्या वाचकाला ही दोन ठिकाणे वाटतील. कोणते नाव कधी होते ते ही संपदा वर्षानुसार दाखवते.

ज्यांना मूळ ग्रंथांच्या आधी चांगला रस्ता हवा, त्यांनी हार्वर्ड विद्यापीठ प्रकाशनाची सहा खंडांची साम्राज्यकाळाची मालिका घ्यावी. टिमोथी ब्रूक तिचे संपादक, आणि छिन-हानपासून चिंगपर्यंत एकेका काळाला एकेक खंड. ती पचली की केंब्रिजचा चीनचा इतिहास. त्याचे प्रकाशन १९७८ मध्ये सुरू झाले, क्रमाने नाही. चिंग काळावरचा दहावा खंड आधी आला आणि हाननंतरच्या काळाचा दुसरा खंड २०१९ मध्ये. जुन्या खंडांत चिनी नावे रोमन लिपीत लिहिण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे नावांची दोन्ही रूपे एका कागदावर लिहून ठेवावीत, नाहीतर एकाच माणसाची दोन माणसे होतात.

आणि एक ग्रंथ असा, की तो जवळ नसेल तर बाकीची साधने अर्धीच कळतात: एंडिमियन विल्किन्सन यांचा चिनी इतिहासाच्या साधनांचा मार्गदर्शक. पहिले रूप १९७३ चे, सहावी आवृत्ती २०२२ ची, दोन जाडजूड खंड. हा इतिहास सांगत नाही. इतिहास कशावरून सांगायचा ते सांगतो. वजनेमापे काळागणिक कशी बदलली, लोकसंख्येच्या नोंदी कशा वाचायच्या, खोटे ग्रंथ कसे ओळखले गेले, कोणत्या प्रतीवर भरवसा ठेवायचा, हे सगळे त्यात आहे. महाग आहे, हे खरे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला तर निदान लोकसंख्येचे, कालगणनेचे आणि ग्रंथप्रतींचे भाग सावकाश वाचावेत. तोवर उलरिख थिओबाल्ड यांचा चायनानॉलेज हा ऑनलाइन ज्ञानकोश चालवून घ्यावा. कोणता ग्रंथ कोणी, कधी, कशासाठी लिहिला एवढे समजायला तो उत्तम आहे, आणि लेखाखाली आधारग्रंथ दिलेले असतात.

विसाव्या शतकासाठी यांतले फारच थोडे उपयोगी पडते. तिथे प्रश्न प्रतीचा नसून परवानगीचा आहे. चीनच्या अभिलेख कायद्यात कागद खुले करण्याची मुदत आधी तीस वर्षे होती, २०२१ पासून पंचवीस झाली. पण परराष्ट्र मंत्रालयाचे २००४ मध्ये खुले झालेले कागद पुढे मोठ्या प्रमाणात पुन्हा बंद झाले. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरने शीतयुद्धकाळातल्या चिनी, रशियन आणि इतर कागदांची इंग्रजी भाषांतरे खुली केली; ती मिळतील तिथून सुरुवात करावी आणि दुसऱ्या बाजूचा कागद बंद असताना एका बाजूवरून निष्कर्ष काढू नये.

पुन्हा माझ्या आवडत्या ग्रंथालयाकडे. सिमा ग्वांगचे आणखी एक पुस्तक तिथे शोधून वाचाच: झीझी तोंगज्यान काओयी, ३० प्रकरणे. मुख्य इतिहास लिहिताना एकाच घटनेबद्दल वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळे लिहिलेले आढळले, तिथे आपण कोणाचे मानले आणि का मानले, हे त्याने या वेगळ्या ग्रंथात नोंदून ठेवले. आन लुशानच्या बंडाच्या वर्षांसाठी तर पानापानावर अशा टिपा आहेत: अमुक ग्रंथ म्हणतो त्या महिन्यात, तमुक म्हणतो या महिन्यात, मी हे घेतो. एक हजार वर्षांपूर्वी एका इतिहासकाराने आपले सगळे कामाचे कागद वाचकापुढे ठेवले. यापुढे आकडा सांगणाऱ्या कुणाकडूनही मी निदान एवढी अपेक्षा ठेवते.

वाचता वाचता यंत्राच्या चुका दिसल्या, तर खाते काढून त्या दुरुस्त करता येतात. शेजारी छायाचित्र असतेच, अक्षर ताडायचे आणि बदल नोंदवायचा; कोणी काय बदलले याचा इतिहास राहतो. आकड्यांची प्रकरणे ज्यांना रुक्ष वाटत नाहीत अशा वाचकांनी या कामात यावे. तोंगद्यानमधल्या करांच्या आणि घरांच्या प्रकरणांना असे डोळे हवे आहेत, आणि एक ते दहा आकडे ओळखता येणाऱ्या कोणालाही तिथपासून सुरुवात करता येईल.